उडी मारली की पाठ फिरवायची
कुत्र्याचं सगळं मी करायचे. त्याची शी-शू काढणं, दूधपोळी कुस्करून देणं, लस टोचायला पिशवीत घालून नेणं, सगळं. आणि हा मेला उड्या कोणावर मारणार? तर माझ्या धाकट्या जावेवर.

फणसवाडीत आमच्या शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत मी, नवरा आणि सासरे; दुसरीत दीर आणि जाऊ. ती फोर्टात नोकरीला, मी घरात. संध्याकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की हा गॅलरीतून सुसाट सुटायचा. मागच्या पायांवर उभा राहून तिच्या अंगावर चढायचा, आनंदानं तिथेच शू करायचा. ती ड्रेस झटकत "बास रे, बास" म्हणायची, पण स्वारी खूश असायची. मी आमटीची पळी हातात घेऊन दारात उभी. माझ्यावर त्यानं कधी उडी मारली नाही. मारणार कशी? परत यायला मी आधी कुठे जात होते? हे कळायचं मला, तरी जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

बरं, दोन पायांवर उभं राहायला शिकवलं मीच. गणपतीत. आरती झाली की "बाप्पाला नमस्कार कर" म्हणायचं, हा पुढचे पंजे उचलून उभा राहायचा आणि अख्खी चाळ त्याला पेढ्याचा तुकडा द्यायची. गणपती गेले, नमस्कार राहिला. गॅसवाला, इस्त्रीवाला, दिसेल त्याच्या अंगावर हा नमस्कार घालायचा. पिल्लू होतं, सगळ्यांना कौतुक वाटायचं.

मग सासरे मोरीत घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. परळला ऑपरेशन झालं. आता पुन्हा पडले तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. नवऱ्यानं लगेच सांगून टाकलं, "बाबा घरी यायच्या आत ह्याच्या उड्या बंद झाल्या नाहीत, तर मी ह्याला विरारला मित्राकडे सोडून येणार." तो उगाच बोलणारा माणूस नाही.

हॉस्पिटलात सासऱ्यांजवळ मी राहायचं ठरलं आणि कुत्र्याला वळण लावायचं काम जावेकडे गेलं. तिनं चक्क रजा टाकली. कुत्रा घरात राहावा असं मला मनापासून वाटत होतं. पण तो हिच्यामुळे राहावा, हे काही सहन होत नव्हतं.

कुत्र्याच्या डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती. उडी मारली की पाठ फिरवायची. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. चारी पाय जमिनीवर टेकले की मग लाड. चाळीत हे महाकठीण, कारण आमच्याकडे जो तो तोंडानं "नको रे, नको रे" म्हणतो आणि हातानं त्याचे कान कुरवाळतो. पण तिनं एकेकाला दारात गाठून दम भरला. समोरच्या आजीसुद्धा म्हणे पाठ करून उभ्या राहायला लागल्या.

हे सगळं मला फॅमिली ग्रुपवर कळायचं. रोज नवा व्हिडिओ, त्याखाली सगळ्यांचे अंगठे आणि बदाम. एकात ती पाठमोरी उभी आहे, हा तिच्या ओढणीला लोंबकळतोय. मग दमून खाली बसतो, आणि ती वळून त्याला कुशीत घेते. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. खाली "छान" असं लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. सासऱ्यांनी विचारलं, काय गं, काय झालं? म्हटलं, कुठे काय.

घरी सोडलं त्या दिवशी नवऱ्यानं आणि दिरानं सासऱ्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर आणलं. गॅलरीत त्यांच्या हाती वॉकर दिला. जाऊ तिच्या खोलीच्या दारात उभी होती आणि हा तिच्या पायाशी शहाण्यासारखा बसला होता. सासऱ्यांनी एक पाऊल टाकलं, हा हलला नाही. दुसरं टाकलं, तरी नाही. शेजारीपाजारी जावेचं कौतुक करायला लागले. झालं, म्हटलं, जिंकली ही.

मी पिशव्या घेऊन मागे राहिले होते. कुलूप काढायचं म्हणून सासऱ्यांच्या बाजूनं पुढे झाले, आणि त्यानं मला पाहिलं.

तो असा सुटला की बस! दोन पायांवर उभा राहून माझ्या अंगावर चढला, हात चाटले, ओरडला, माझ्या साडीवर शू केली. सासरे माझ्या मागे हातभर अंतरावर वॉकर धरून उभे. नवरा बघत होता.

जाऊ हळूच म्हणाली, "वहिनी, पाठ फिरवा."

मी फिरले. तो कुंई-कुंई करत मागून माझ्या पोटऱ्या ओरबाडत राहिला, आणि मी सासऱ्यांकडे तोंड करून पिशव्या घट्ट धरून उभी राहिले. किती वेळ लावला त्यानं! सासरे माझ्याकडे बघत होते.

"बसला," जाऊ म्हणाली. "वळा आता."

"ठीक आहे, राहू दे ह्याला," नवरा म्हणाला.

मला लगेच वळता येईना. डोळे घळाघळा वाहत होते, आणि ते तिला दाखवायचे नव्हते.