लेप्यांचा सोमवार

एका जागी स्वस्थ बसणं मला कधीच जमलं नाही, आणि त्या सोमवारी म्हापशाच्या बसस्टँडवर मला दिवसभर बसावं लागलं. भाषेचं आंदोलन पेटलं होतं, रस्त्यात झाडं आडवी टाकली होती, पेडण्याकडे एकही गाडी सुटत नव्हती. आणि तिकडे खाडीकाठच्या आमच्या टाकीत लेप्यांची पिल्लं तोंड उघडत होती.

लेपो म्हणजे तळाला चिकटून राहणारा चपटा मासा. पिल्लू चारचौघांसारखंच जन्मतं, मग त्याचा एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याशेजारी येतो. तो सरकताना बघायचा, एवढीच माझी हौस. पण आधीच्या दोन्ही खेपांना पिल्लं त्याआधीच गेली. पहिल्यांदा मी खाणं उशिरा दिलं, दुसऱ्यांदा इतकं दिलं की पाणीच नासलं. आता नेमकं कळलं होतं. तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं, तेव्हापासून दर दोन तासांनी चिमूटभर उकडलेल्या अंड्याचा बलक, मलमलीतून गाळून. ही खेप फुकट गेली तर टाकीत कोळंबी सोडणार, असं खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. महिन्याची मुदत मागायला मी त्या दिवशी पहाटेच निघून पणजी गाठली होती. मुदत मिळालीही, पण परतताना म्हापशात अडकले.

टाकीवर हळर्णचे एक काका राखणीला होते. शनिवारी पिल्लं बाहेर आली तेव्हाच मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "तिसऱ्या दिवशी मी नसले तर बलक तुम्ही घाला." त्यांनी मान डोलावली होती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. स्टँडवर येरझाऱ्या घालून पाय दुखले, भुकेने डोकं फिरलं. गाडेवाल्याने ऑम्लेट-पाव पुढे केला. "आज सोमवार," म्हणत मी भाजी-पाव घेतला आणि पुन्हा रस्त्याकडे डोळे लावून बसले.

रात्रीचा मुक्काम म्हापशातच मावशीकडे केला आणि मंगळवारी सकाळी दुधाच्या गाडीतून पोचले. काका टाकीवर वाकून बलक गाळत होते, अगदी मी शिकवलं होतं तसं. पिल्लं तळाशी पडली होती. बलक त्यांच्या अंगावर बसत होता, एकही तोंड हलवत नव्हतं.

"काल किती वेळा घातला?"

"काल नाय, बाय. काल सोमवार. सोमवारी मी अंड्याक हात लावणंय नाय. आज पहाटेच इलंय."

शिवी अगदी जिभेवर आली होती. काकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"माझा काय चुकला, बाय?"

"काही नाही," मी म्हणाले. सोमवार मीही पाळला होता. मला त्यापायी फक्त ऑम्लेटऐवजी भाजी-पाव खावा लागला होता.