अण्णांनी नापास केलेले ट्रेलर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मला चांगला माणूस समजण्याची चूक कुणी करणार नाही. नोकरी संपल्यावर मी आणि बायको कॅनडात ज्या चाकांच्या घरात राहणार आहोत, त्यात माझ्या वडिलांना जागा नाही. ती नसावी हे मीच ठरवलं. आणि ते घर निवडायला मात्र पाच महिने मी त्यांचंच डोकं वापरलं.

कुवेतमध्ये मला सव्वीस वर्षं झाली. शुऐबातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. राहायला सबाह अल-सालेमला, चौथ्या मजल्यावर, भाड्याने. इथे नोकरी संपली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपतो, आणि इकामा संपला की गाशा गुंडाळायचा, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं. सव्वीस वर्षांत आम्ही भिंतीला एक खिळा ठोकला नाही. कॅलेंडरसुद्धा फ्रिजवर चुंबकाने लावलेलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं तेव्हा कॅनडात स्थायिक झालेली मुलगी म्हणाली, इकडे या. मी म्हटलं, येतो, पण तुझ्या तळघरात नाही राहणार. जन्मभर मुक्कामच केलाय, आता तो चाकांवर करू, देश बघत बघत करू. बायको आधी पोट धरून हसली. मग एका संध्याकाळी ती मोबाइलवर ट्रेलरमधली स्वयंपाकघरं बघताना दिसली, तेव्हा मला कळलं की बाई तयार आहेत.

माझे वडील, अण्णा, एक्क्याऐंशी वर्षांचे. नाशिकला एकटे राहतात. बहीण दोन गल्ल्या सोडून आहे, ती दोन वेळचा डबा पोचवते. अण्णांनी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली, हेड मेकॅनिक म्हणून बाहेर पडले. शुक्रवार आमचा सुटीचा, म्हणून दर शुक्रवारी सकाळी त्यांना फोन. चहा झाला का, गोळी घेतली का, पाणी वेळेवर येतं का. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला आम्हा दोघांनाही काही सुचायचं नाही आणि मी म्हणायचो, "बरं, ठेवतो मग." इथे माझ्यासारख्या निम्म्या लोकांचे आईवडील अशा चार-चार मिनिटांतच म्हातारे झालेत.

एका शुक्रवारी बोलायला काहीच नव्हतं म्हणून मी ट्रेलरचं सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जोडणी कुठे आहे त्याची? मागे बंपरला की हौद्यात?"

मी समजावलं. दोन्ही प्रकार असतात. एक बंपरच्या मागे अडकवायचा. दुसऱ्याला फिफ्थ व्हील म्हणतात. त्यासाठी पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, एक जाड लोखंडी थाळी बसवतात आणि ट्रेलरची पिन तिच्यात अडकते. ट्रेलरचा पुढचा भाग हौद्यावर उचललेला असतो, आणि दोन-तीन पायऱ्या चढून त्या भागात झोपायची खोली.

"मग दुसराच घे. डोळे मिटून घे," अण्णा म्हणाले. "शेपटीला बांधलेलं ओझं डुलतं. पाठीवर घेतलेलं डुलत नाही."

त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "काय हो, भांडण झालं का? एवढा वेळ?"

घ्यायचा होता कॅनडातच, पण फोटो बघून घर कोण घेतं? जहराच्या बाहेर जुन्या ट्रेलरचं एक यार्ड आहे. थंडीत कुवेती कुटुंबं वाळवंटात मुक्कामाला जातात, त्यांच्यासाठी अमेरिकेतून वापरलेले ट्रेलर इथे येतात. आम्ही शुक्रवारी तिथे जायला लागलो. सांभाळणारा हैदराबादी होता. आम्ही इथून काही घेणार नाही, नुसते ठोकून बघणार, हे कळल्यावरही त्याने चहा पाजला. अण्णा व्हिडिओवर. अठ्ठावन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या शर्टात, त्यांनी मला वाळूत उताणं झोपवून ट्रेलरखाली घातलं.

"नक्षी काय दाखवतोस? तारीख दाखव टायरची. चार आकडे असतील."

आकडे वाचले. टायर नऊ वर्षांचे निघाले, वरून कोरे करकरीत.

"उन्हात उभे राहून मेलेत ते. ऊठ. आता आत जा आणि छताच्या कोपऱ्याखाली भिंतीवर अंगठा दाब."

दाबला. भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

"नापास," अण्णा म्हणाले. एखाद्या पोराची वही परत फेकावी तसं. मला हसू आलं. खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती. प्लांटमध्ये मी दुसऱ्यांच्या कामात खोट काढतो. इथे कुणीतरी माझ्या डोळ्यांनी खोट काढत होतं, आणि ते कुणीतरी माझे वडील होते. लहानपणी त्यांनी मला डेपोत कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं. म्हणायचे, तू अभ्यास कर, हात काळे करू नकोस.

दुसऱ्या खेपेला तिथे दोन फिफ्थ व्हील शेजारी शेजारी उभे होते. एकात मागे छोटी खोली, वर-खाली दोन बिछाने. दुसऱ्यात त्याच जागी बैठक, तीन बाजूंना खिडक्या, आणि बटण दाबलं की भिंत बाहेर सरकून जागा मोठी होणारी. बायको पोळपाट आणि पाच लिटरचा कुकर घेऊनच आली होती, ओट्यावर ठेवून बघत होती. मी खिडक्यांपाशी उभा होतो. मला तिथून डोंगर दिसत होते, म्हणजे पुढे दिसणार होते ते.

"तो मागच्या खोलीचाच बरा ना," बायको म्हणाली. "अण्णा कुठे झोपतील यात? वरच्या खोलीच्या पायऱ्या त्यांना नाही जमायच्या."

फोन माझ्या हातात चालू होता.

"ह्या खिडक्या बघ," मी म्हटलं. "अगं, केवढ्या आहेत!"

फोनवरून अण्णांनी विचारलं, "तो सोफा किती लांब आहे रे?"

"सहा फूट."

"उघडतो?"

"उघडतो."

"हं," ते म्हणाले. पुढे काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. तेही थांबले होते. मग त्यांनी मला पुन्हा खाली घातलं आणि स्प्रिंगच्या एका पट्ट्याला चीर आहे म्हणून तो ट्रेलर नापास केला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. ती इथेच वाढली, आमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. कॅनडात येण्याचे आमचे कागद ती भरत होती. "बाबा, शुड आय ॲड आजोबा टू?"

"थंडी नाही झेपायची गं त्यांना. राहू दे."

"डिड यू आस्क हिम?"

"हो," मी म्हटलं. "विचारलं. नको म्हणाले."

इतकं सहज आलं तोंडातून की मलाच आश्चर्य वाटलं. बायको तेव्हा खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दही आणायला गेली होती. ती परत आली आणि मी तिला काहीही सांगितलं नाही.

थंडीचं कारण खोटं होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. खरं कारण असं की मला माझे दिवस हवे होते. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर उठलो-बसलो. आता उरलेली वर्षं कुणाच्या गोळ्या आणि कुणाचं पथ्य सांभाळण्यात घालवायची नव्हती, आणि स्टिअरिंगवर हात ठेवला की शेजारून "क्लच कशाला जाळतोस?" ऐकायचं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हे त्याहून वाईट.

आणि तरी शुक्रवारचे फोन चालूच. किंबहुना वाढले. आता कॅनडातल्या दुकानांचे व्हिडिओ मागवून मी ते अण्णांना पाठवायचो. त्यांनी एक उद्योग केला. वर्कशॉपमध्ये नवीन बॉडी बांधायची तर आधी फरशीवर खडूने खऱ्या मापाचा आराखडा मारायची त्यांची पद्धत होती, म्हणजे दार कुठे अडतं, कोपर कुठे लागतं ते चालून बघता येतं. तसा त्यांनी बिल्डिंगच्या गच्चीवर आमचा ट्रेलर आखला. त्या खिडक्यांवाल्याच्या मापाने, छत्तीस फूट लांब. सकाळच्या उन्हात ते त्या खडूच्या घरात फिरायचे आणि मला दाखवायचे. अर्धा वेळ कॅमेऱ्यावर त्यांचा अंगठाच.

"हा ओटा. इथून सुनबाई वळली की फ्रिजचं दार कमरेला लागणार. हा तुमचा पलंग. तुझ्या बाजूने उतरायला नऊ इंच. रात्री पडशील." मग ते बैठकीच्या जागी आले. तिथे खडूने एक लांबट चौकोन काढलेला होता, त्यावर काही लिहिलं नव्हतं. त्याच्याजवळ ते जरा रेंगाळले. "हा तो सोफा."

"हो," मी म्हटलं. "पुढे चला अण्णा, बाथरूमचं बघू."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तेव्हापासून त्यांचा राग यायला लागला. तिसरा ट्रेलर त्यांनी नापास केला, पाण्याची टाकी उघडी, गोठेल म्हणून. ते बरोबर होतं. चौथ्याचं वजन आम्ही घ्यायचं ठरवलेल्या पिकअपला जड, तेही बरोबर. पण पाचवा अगदी हवा तसा होता. टायर नवे, खालून बंदिस्त, भिंती जाड, वजन बेतात, आणि मागे माझ्या त्या खिडक्या. दुकानदाराने सोमवारपर्यंत थांबतो म्हटलं होतं. शुक्रवारी मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बायको समोर मेथी निवडत बसली होती.

अण्णांनी तासभर सगळं विचारलं. पिनवर किती भार, ब्रेक कसले, सरकत्या भिंतीचं रबर कसं. सगळ्याला उत्तर होतं. मग म्हणाले, "दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"बाहेर. कडी डावीकडे."

"मग नको. नापास."

"का?"

"डावीकडची कडी बरी नाही. अजून बघ. पुढच्या शुक्रवारी सांग."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, हे काय कारण झालं? कडी डावीकडे असो नाही तर उजवीकडे, तुम्हाला राहायचंय का त्यात?"

शब्द निघून गेले. बायकोचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मला वाटलं अण्णा फोन ठेवतील. ठेवला असता तर बरं झालं असतं. रागावले असते तर मीही उलट रागावलो असतो आणि सुटलो असतो.

"नाही रे," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "मला कुठे राहायचंय? या वयात बर्फात जाऊन काय करू? इथे तुझी बहीण आहे, गच्ची आहे. तू विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो."

मी टेबलावरच्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागलो.

"पण तू विचारलं नाहीस. सोफ्याचं मी विचारलं तेव्हा वाटलं, आता विचारेल. नाही विचारलंस. म्हटलं जाऊ दे, पोरगा कामाच्या गडबडीत आहे, पुढच्या शुक्रवारी विचारेल. ट्रेलर पास केला असता तर विषयच संपला असता. म्हणून तुला आणखी एक शुक्रवार, आणखी एक शुक्रवार, असं देत राहिलो. कड्याबिड्या काढत राहिलो. आपल्याकडे लग्नाची अक्षत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यालाही देतात. तो येणार नाही हे का माहीत नसतं कुणाला? पण देतात. नाही म्हणायचा मान त्याचा असतो. तो तू माझ्याऐवजी परस्पर घेऊन टाकलास."

मुलीला मी काय सांगितलं ते त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. पण बायकोला त्या क्षणी कळलं. महिन्याभरापूर्वी मुलगी तिला सहज म्हणाली होती की आजोबा नको म्हणाले ना, वाईट वाटलं. बायकोने तेव्हा मान डोलावली होती, कारण तिला वाटलं होतं मी खरंच विचारलंय. आता तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "तुम्ही विचारलंच नव्हतं?"

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. फोनकडे वाकलो. "अण्णा," मी म्हटलं, "ऐका ना—"

"आता नको विचारूस," अण्णा घाईने म्हणाले. एवढ्या घाईने त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आता विचारलंस तर मी हो म्हणेन."

फोन चालू होता. बायको माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. नाशिकला अण्णाही वाट पाहत असणार, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी विचारलं नाही.