सासऱ्याची काठी, जावयाची थाळी

गोल्फ नावाचा खेळ मी आयुष्यात एकदाच पाहिला. तो दोन तऱ्हांनी खेळतात हेही त्याच पंधरवड्यात कळलं. एक तऱ्हा माझ्या दिरांची, दुसरी त्यांच्या जावयाची. दोघंही आमच्या सड्यावर खेळले. मे महिना, आंबा उतरायची घाई, माणूस मिळत नाही, आणि हे दोन शिकलेले पुरुष उन्हातान्हात चेंडू शोधत हिंडतायत. मी चौथी शिकलेली बाई. पण रिकामटेकडेपणा ओळखायला चौथीसुद्धा लागत नाही.

सडा म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं. आमचं घर पावसच्या अलीकडे, खाली वाडीत. घरामागची पाखाडीची दगडी पायवाट चढून गेलं की वर उघडा जांभ्याचा माळ लागतो, तो सडा. पावसाळ्यात त्यावर वीतभर गवत येतं, दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि मग नुसता तापलेला कातळ. तिथे झाड लावायचं तर सुरुंग लावून खड्डा पाडावा लागतो. त्यात दुसरीकडची माती डोक्यावरून आणून भरायची, शेणखत घालायचं आणि पाऊस धरला की कलम लावायचं.

मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. खालच्या बागेतला हापूस म्हातारा होत चालला होता, वर्षाआड धरायचा. म्हणून अठ्ठ्याऐंशी साली चैत्रात मी सुरुंगवाला बोलावला आणि सड्यावर खड्डे पाडून घेतले. कलमं पिशव्यांतून विहिरीपाशी आणून ठेवली होती. पिशवीतलं कलम फार दिवस थांबत नाही. मूळ आतल्या आत गोल फिरलं की ते झाड पुढे नावापुरतंच. मी पन्नाशीच्या पुढे गेलेली, आणि हापूस धरायला सात-आठ वर्षं घेतो. तो एक पावसाळा हुकला असता तर मला परवडलं नसतं.

फक्त सडा माझ्या एकटीचा नव्हता. वाटण्या झाल्या नव्हत्या. अर्धा माझा, अर्धा दिरांचा, आणि कुठला अर्धा कुणाचा ते कुणालाच माहीत नाही.

दीर मुंबईत कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दर मे महिन्यात बायकोला घेऊन यायचे, आंबे खायचे, पेट्या भरून न्यायचे. त्या वर्षी टॅक्सीच्या टपावर एक लांब कातडी पिशवी बांधलेली.

"भावजी, शिकारीला आलात की काय?"

"गोल्फ, वहिनी. आमच्या साहेबांबरोबर खेळावा लागतो."

"लागतो म्हणजे? पगारात धरलाय?"

जाऊ फसकन हसली. दीर हसले नाहीत. पिशवीला कुणाचा हात लागू नये म्हणून ते स्वतः ती उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉलरचा पांढरा सदरा, पांढरी विजार, एका हातात मोजा आणि तळाला खिळे असलेले बूट घालून सड्यावर निघाले. हातमोजा एकाच हातात का, ते मी विचारलं नाही. पिशवी वाहायला आमचा गडी घेतला. गड्याला त्या दिवशी आंबे उतरायचे होते. अर्ध्या तासाने तो घाम पुशीत खाली आला. म्हणाला, "काकी, ह्या काठ्या आंब्याच्या डालग्यापेक्षा जड हायत. आनि मी खोकलो तर सायब म्हनतात, खोकू नको, माजा नेम जातो."

मग मी स्वतःच वर गेले. खेळ असा. सुपारीपेक्षा जरा मोठा पांढरा चेंडू. त्याला काठीने मारायचं. लांब जायला एक काठी, जवळ जायला दुसरी, खड्ड्यातून काढायला तिसरी, अशा डझनभर. लांब कुठेतरी जमिनीत वाटीएवढं भोक, त्यात निशाण रोवलेलं. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या भोकात गेला पाहिजे. मग पुढचं भोक. अशी अठरा. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, जसं काही कुणी गेलंय. आणि जमीन हवी गालिच्यासारखी, हिरवी, रोज पाणी पाजलेली. विटीदांडूच तो. फक्त आरडाओरडा काढून टाकलेला आणि नोकर जोडलेला.

आमच्या कातळावर तो चेंडू टण्णकन उडायचा आणि कड्यावरून खाली नारळीत. तीन दिवसांत सात चेंडू गेले. दिरांनी मारण्यापुरता पायाखाली काथ्याचा गालिचा अंथरला, तरी चेंडू पडायचा तो कातळावरच. आणि कातळ कुणाच्या हुद्द्याला भीत नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मनातलं बाहेर काढलं. रिटायर झाल्यावर सड्यावर गोल्फचं मैदान करायचं. माती टाकायची, विलायती गवत लावायचं, समुद्राच्या बाजूला चार खोल्या बांधायच्या, मुंबईचे साहेबलोक येतील.

"पाणी?" मी विचारलं.

"बोअर मारू."

"माझी खालची विहीर वैशाखात तळ दाखवते. तुमचं गवत रोज पाणी पिणार?"

"वहिनी, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही. महिनाअखेरीला साहेब जागा बघायला येतायत. तेवढे ते खड्डे बुजवून घ्या. बघायला बरं दिसत नाही."

"आणि कलमं?"

"पुढल्या वर्षी बघू. कुठे पळून जातात?"

मी वाढत होते. त्यांच्या पानात आमटीची पळी ओतली. अर्धा सडा त्यांचा होता आणि ते पुरुष होते. वाडीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यांचंच ऐकायला सांगितलं असतं.

दोन दिवसांनी जावई आला. माझी पुतणी त्याला दिलेली. दोघं अमेरिकेत, तीन वर्षांनी पहिल्यांदाच आलेली. तो इंजिनियर. आल्या दिवसापासून अर्धी चड्डी आणि अनवाणी. गड्याला वाटलं, विमानात सामान हरवलं असेल. सामान होतं. त्यात पाच-सहा प्लॅस्टिकच्या थाळ्या होत्या, लाल, पिवळ्या, निळ्या. कडा वळलेल्या, जेवणाच्या थाळीपेक्षा लहान.

"काकू, हासुद्धा गोल्फच. डिस्क गोल्फ."

"ह्यात वाढायचं काय?"

"फेकायची, काकू! काठी नाही, चेंडू नाही. लांब फेकायची वेगळी, जवळची वेगळी. तिथे लोखंडी टोपलीला साखळ्या लावलेल्या असतात, त्यात पाडायची. टोपली नसेल तर झाड ठरवायचं. ह्या झाडाला लागली की पुढच्या झाडाकडे. कमी फेकांत जो पुरं करील तो जिंकला."

म्हणजे मोजणं तेच, हिंडणं तेच. पण सासऱ्याला मैदान हवं बोडकं आणि गप्प, आणि ह्याला हवी झाडं आणि बडबड. फेकताना हा बोलायचा, फेकल्यावर बोलायचा, थाळी वाऱ्याने वळली तर तिच्याशीही बोलायचा. तिथे म्हणे सार्वजनिक बागांत खेळतात, कुणीही यावं, फुकट, कुत्रं आणलं तरी चालतं. दिरांच्या क्लबात फाटकाशी नाव विचारतात आणि बायकांना ठराविक दिवशीच सोडतात. जावयाला त्याचं फार हसू यायचं. त्याची बायको दिवसभर माझ्याबरोबर आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत होती, त्याचं हसू त्याला आलं नाही.

सड्यावर झाडं कुठली? दोन काजू आणि एक वाकडा आंबाडा. ती संपल्यावर तो खाली बागेत शिरला आणि उतरायला आलेल्या आंब्यावर त्याने थाळी घातली. पाच फळं खाली. मी थाळी उचलली आणि शेणाच्या पाटीत टाकली.

"जावईबापू, फळ असलेलं झाड सोडून खेळा."

"सॉरी, काकू. पण वर झाडंच नाहीत हो. तुमच्या सड्यावर तीसेक झाडं असती ना, तर काय कोर्स झाला असता! जगात कुठे नसेल असा. समुद्र दिसतोय, वारा आहे..."

हे वाक्य मी जपून ठेवलं.

सासरा-जावई एकदा बरोबर खेळले. दिरांनी मारायला काठी उचलली की जावई शीळ घाली. जावयाने थाळी फेकली की दीर म्हणत, "ह्याला खेळ म्हणायचं तर आमच्या मोलकरणीही गोल्फ खेळतात." शेवटी दिरांचा चेंडू माझ्या खड्ड्यात गेला. त्यांनी आत उतरून चार फटके मारले. चेंडू वर येऊन पुन्हा आत. जावई काठावर उकिडवा बसून म्हणाला, "पपा, हाताने उचलून फेका ना. आमच्यात चालतं." दीर खड्ड्यातून वर आले ते पांढऱ्या विजारीला लाल माती लावून, आणि मला म्हणाले, "वहिनी, हे उद्याच्या उद्या बुजवा."

मी बुजवले नाहीत. उद्या अधिकाचं वाण होतं.

त्या साली अधिक ज्येष्ठ आला होता. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तेहतीस अनारसे, तबकात दिवा लावून, हातावर पाणी सोडून. लग्नानंतरचा त्यांचा पहिलाच अधिक, म्हणून जाऊ मुंबईहून चांदीचं तबक घेऊन आलेली. अनारसे मी तळायचे होते. तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून मी पीठ करून ठेवलं होतं. ह्या वाणावर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या वडिलांनी मालकांना दरवेळी दिलं आणि मालकांनी दरवेळी अनारसे कडक आहेत म्हणून सांगितलं. पण जावेचा विश्वास होता, आणि दीर घरात फक्त तिला भीत.

सकाळी तळता तळता मी तिला म्हटलं, "अगं, तेहतीस अनारसे तो काय करणार? दोन खाईल, बाकीचे मुंग्या."

"मग काय द्यायचं, वहिनी?"

"तेहतीस कलमं दे. विहिरीपाशी तयार आहेत. वरच्या खड्ड्यांत त्याच्या नावाने लागतील. मुलगी दर वर्षी स्वतःचा आंबा खाईल. अमेरिकेतल्या कुणा जावयाला असं वाण मिळालं असेल?"

तिने झाऱ्यातला अनारसा निथळून ताटात ठेवला. तिला मैदानाचं ठाऊक होतं. ती मूर्ख नव्हती. मग म्हणाली, "साहेबलोक आले की खोल्यांत चहा कोण नेणार, वहिनी? मीच ना?" आणि पुढचा अनारसा तेलात सोडला.

ओटीवर पाट मांडला. जावई पहिल्यांदाच लांब विजार घालून बसला होता. जावेने तबक पुढे केलं, अनारसे होतेच, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे वाण, आणि ह्याच्याबरोबर सड्यावरची तेहतीस हापूस कलमं. ह्याच पावसाळ्यात लावून."

"म्हणजे वर झाडं होणार?" जावई पाटावरून अर्धा उठला. "पपा! कोर्स!"

दिरांच्या हातात पाण्याचा गडू होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याची वात पुढे सारत होते.

"अहो, सोडा पाणी," जाऊ म्हणाली. "त्याचा हात अवघडला."

"हे मला विचारायला हवं होतं," दीर हळूच म्हणाले.

"जावयाला वाण द्यायचं विचारतात? की पाटावर बसवून नाही म्हणायचं आहे? म्हणा मग."

मुलगी बघत होती. जावई ओंजळ पुढे करून हसत होता. दिरांनी पाणी सोडलं. थोडं हातावर पडलं, बरंचसं त्याच्या गुडघ्यावर.

दुपारी जावई कागद घेऊन आला. झाडं कुठे कुठे हवीत त्याचा नकाशा, वाकडातिकडा, मध्ये बाण. मी सांगितलं, खड्डे सुरुंगाने पडलेत, ते तुमच्या बाणाप्रमाणे सरकायचे नाहीत. त्याला ते पटलं. कागद मी चुलीत घातला.

संध्याकाळी दिरांनी गावात जाऊन साहेबांना फोन लावला आणि पाण्याची अडचण असल्याचं कळवलं. पाण्याची अडचण! ती मी जेवताना सांगितली तेव्हा मला त्यातलं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी, गडी आणि दोन बायका माती वाहायला लागलो. दीर वर आले तेव्हा मी नवव्या खड्ड्यापाशी होते. बूट साधे होते, मोजा नव्हता. भरलेले खड्डे पाहून म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला फसवलंत."

"हो," मी म्हटलं. "जरा बाजूला व्हा. तुम्ही उभे आहात तिथे खत टाकायचंय."

ते बाजूला झाले. गड्याने पाटी ओतली.