डाव्या चाकावरचा भार

आमचा ट्रक चिरे वाहतो. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, खाणीत जांभ्या दगडाचे चिरे भरायचे आणि मालवणपासून कुडाळपर्यंत कुठे घर बांधतायत, कुठे कुंपणाचा गडगा घालतायत तिथे नेऊन उतरायचे, हा धंदा. डांबरी रस्त्यावर गाडीची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती खाणीतून वर येणाऱ्या घाटीची. खाणीत साठलेलं पाणी पंपाने उपसतात आणि ते नेमकं घाटीच्या डाव्या अंगाने झिरपत राहतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातसुद्धा तिथे तांबडा चिखल. भरलेली गाडी तिथे आली की मागचं डावं चाक जागच्या जागी गरगर फिरायचं आणि कोरड्या दगडावरचं उजवं ढिम्म. साध्या डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीचं, हे असंच असतं. ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ते फिरवत बसतं. मला इतका संताप यायचा की खाली उतरून टायरला लाथ घालायचो. दुखायचा माझाच पाय.

त्यावर बाबांचा उपाय ठरलेला. ते मागे चढायचे, चिऱ्यांच्या थरावरून चालत डाव्या कोपऱ्यात जायचे, गाडीच्या बाजूची फळी धरून सगळं अंग त्या चाकावर टाकायचे आणि ओरडायचे, "घे रे आता!" मी क्लच सोडायचो. एवढ्या चिऱ्यांच्या बोज्यावर एका सुकलेल्या म्हाताऱ्याचं वजन ते कितीसं! पण दोन-तीन हिसके देऊन गाडी चढायची हेही खरं. वर पोचलो की बाबांची मान दिवसभर ताठ.

गाड्या चालवण्यात त्यांचा जन्म गेला. डोळे अधू झाले आणि ओरोसच्या आरटीओत हेवी लायसन पुढे वाढलं नाही, त्या दिवशी घरी येऊन ते चहासुद्धा न घेता गाडीच्या सावलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढतोय तर हे मागे चढून बसलेले. "तुका घाटीर माणूस लागतलो," म्हणाले. लागत होताच. तेव्हापासून आई डबा दोघांचा भरायला लागली.

गेल्या हंगामात एका हिसक्याला त्यांचा हात फळीवरून सुटला. मी आरशात बघत होतो. कोपऱ्यातला माणूस एकदम दिसेनासा झाला. ब्रेक मारून उडी टाकली, तर बाबा चिऱ्यांवर आडवे, कपाळातून रक्त, आणि वर माझ्यावरच तापलेले. "थांबलंस कित्याक? चढत होती मां!" वीतभर पलीकडे पडले असते तर सरळ चाकाखाली गेले असते. घरी आईने आकाशपाताळ एक केलं. "शिरां पडली त्या गाडयेर! एक दिवस तू बापाशीक चाकाखाली घालतलंस!" ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घाटी आली की मी आरशात तीनतीनदा बघायचो. भीती वाटायची, सरळ सांगतो.

शेवटी कुडाळच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने भंगारात निघालेल्या एका डंपरचं लॉकवालं डिफरन्शियल शोधून आणलं, दात जुळतात का ते बघितलं, आमच्या गाडीचं जुनं काढून ते बसवलं आणि स्टिअरिंगजवळ एक खटका दिला. खटका दाबला की मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरणार. वळणावर मात्र लॉक काढायचा, नाहीतर सगळं मोडून घेशील, असं त्याने चांगलं दोनदा बजावलं.

बाबा सगळा वेळ गॅरेजच्या दारात उभे होते. "मी आसताना तुका लॉक कित्याक होयो?"

"तुमी फुडे बसाचा म्हणान, बाबा."

"फुडे काय आसा? फुडे बसान झोप येता."

पहिल्या खेपेला माझं काही न ऐकता ते मागेच चढले. मी घाटीच्या पायथ्याशी खटका दाबला, क्लच सोडला, आणि गाडी जी चढली! हिसका नाही की घसरणं नाही. मला तर शिट्टी मारावीशी वाटली. तेवढ्यात मागून आवाज आला, "बघलंस मां? चढली!" कपाळ माझं!

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्याला माझं डोकं सटकलं.

"बाबा, तुमी मागे नसलात तरी चढतली. उतरा."

"नाय चढाची."

"उतरान बघा तरी!"

उतरले. घाटीच्या कडेला उभे राहून, वाकून, चाकांकडे डोळे लावले. मी एका दमात गाडी वर नेली आणि मला चक्क जिंकल्यासारखं वाटलं. मग आरशात बघितलं तर बाबा ती चढण चालत येत होते, थांबत थांबत. वर आल्यावर गाडीच्या मागे गेले, दोन्ही चाकांना लागलेला चिखल बोटाने खरवडून बघितला.

"दोनय फिरली," म्हणाले.

मी दार उघडून धरलं आणि ते निमूट पुढे बसले. मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. उद्या त्यांना काही झालं असतं तर आईला काय तोंड दाखवलं असतं? पण त्या दिवशी शेजारच्या सीटवर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी खाणीत गाडी भरून होत आली. मी पुढचं दार उघडून हाक मारली. बाबा चिऱ्यांच्या ढिगाजवळून हलेनात.

"चला, बाबा. फुडे बसाचा आसा, मागे नाय."

त्यांनी मान हलवली. गाडीची मागची फळी लावायला निघालेल्या गड्याला हाताने थांबवलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मीही रागावलो असतो.

"माका वर नेवन काय करतलंस?" ते म्हणाले. "माज्या जाग्यार दोन चिरे जास्ती घाल."