पाणी समोर ठेवायचं
काल जुनी घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीचा तो उग्र वास आला, तसे आबा आठवले. त्यांनी मला ते सांगितलं त्या दिवशी नामांतराच्या आंदोलनानं शहर बंद होतं, वाळूजला नेणारी कंपनीची बस आलीच नव्हती, म्हणून मी भरदुपारी घरात होतो. सिल्लोडकडं मेंढरं राखणारे माझे वडील, आबा, घशाच्या दुखण्यासाठी आमच्याकडं आले होते. पुढं गिळता आलं नाही तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. याच घोंगडीवर बसून आबांनी विचारलं, "म्हातारी मेंढी बसली, उठंनाच, तर आपण काय करतो?" मी म्हणालो, "सावलीला नेतो. पाणी समोर ठेवतो." "तोंड उघडून ओततो का?" "नाय." "मग मला बी नळी नगं. पाणी ठेवा, जवळ बसा. बोलता येतंय तवर सांगून ठेवतो." मी मान खाली घातली. तसं त्यांनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं, "सूनबाई, तू बी ऐक. ह्यो ऐनवेळी कच खाईल." तसंच झालं. पुढं गिळणं बंद झालं, तेव्हा दवाखान्यात मी नळीला हो म्हणणार, तोच ती म्हणाली, "आबांनी नको सांगितलंय. आम्ही त्यांना घरी नेतो." घरी घोंगडीवर पडल्या पडल्या आबांनी स्वतःच हात लांबवला, वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ओठांना लावलं. काल मी माझंही मुलाला सांगायला बसलो, तर तो वैतागला, "आत्ताच कशाला असलं?" मग मी स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि सुनेला हाक मारली.