पोचल्याचा फोन

आमच्याकडे घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्या मागे लगेच घर झाडत नाहीत. मयत उचलली की मग झाडतात, जित्या माणसामागे नाही. माणूस पोचलं, पोचल्याचा फोन आला, की मग दाराआडचा फडा हातात घ्यायचा. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. अमरावतीत आमच्या गल्लीत भर दुपारी एखाद्या घरात फडा फिरलेला नसला तर मी ओळखते, यांच्याकडचं कोणीतरी गेलं आहे आणि अजून रस्त्यात आहे.

आम्हाला एकच लेक, अकोल्याला दिली होती. ती सासरी गेल्यापासून या घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. दोन ताटं, दोन पेले, आणि दिवसभर मोठ्या आवाजात लावलेला टीव्ही. घर इतकं स्वच्छ राहायचं की मला त्याचा राग यायचा. मग लेकीला ताप आला. साधाच आहे म्हणता म्हणता डेंग्यू निघाला आणि आमची पोर हातातून गेली. तेरवी झाल्यावर जावई खाली मान घालून म्हणाले, "आई, लेकरं काही दिवस तुमच्याकडं ठेवता काय? मले काही सुधरून नाही राहिलं." त्यातलं 'काही दिवस' मी ऐकलंच नाही. नात तिसरीत होती, नातू अजून बालवाडीत. दोघांचे कपडे मी त्याच संध्याकाळी भरले, हिवाळ्याच्या स्वेटरसकट.

सांगताना जीभ जड होते, पण लेक गेली आणि माझं घर भरलं. सकाळी देवापुढे उभी राहून मी ऊर फुटेस्तोवर रडायची आणि दुपारी वरण-भाताची ताटली घेऊन नातवामागे पळता पळता हसायची. हसले म्हणून पुन्हा रडायची. ज्यांनी जन्मात पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतला नाही ते आमचे हे, पुढे नातू आणि मागे नात बसवून स्कूटरवर शाळेत सोडायला जायला लागले. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आल्या. सोफ्याखाली चिंचोके, गादीखाली मुरमुरे. नातू झोपताना माझा पदर मुठीत धरायचा. हात बधिर झाला तरी मी कूस बदलायची नाही. देवा, एक नेलंस, आता ही दोन तरी माझ्यापाशी राहू दे, एवढंच मागणं होतं माझं.

जावई रविवारी बसनं यायचे. लेकरांना बागेत न्यायचे, संध्याकाळी परतायचे. मला ते नको व्हायचे. माणूस वाईट नाही, कधी आवाज चढवला नाही, माझ्या लेकीला त्यांनी फुलासारखी ठेवली होती. पण दर रविवारी ते लेकरांना थोडंथोडं मोजून घेतात असं मला वाटायचं. एका रविवारी ते चहा पिता पिता म्हणाले, घरचे दुसऱ्या लग्नाचं बघून राहिले. मी कपबशी उचलली आणि आत गेले. ते गेट ओलांडतात न ओलांडतात तोच मी फडा घेतला आणि बैठक झाडायला लागले. मुद्दाम. नातीनं माझ्या हातातून फडा ओढला आणि दाराआड ठेवून दिला. म्हणाली, "आजी, बाबा अजून पोचले नसतीन." मग ती त्यांचा फोन येईपर्यंत दाराला टेकून उभी राहिली. मला तेव्हा पोरीचाच राग आला होता.

लग्न झालं. नवी बायको घेऊन ते आले. तिनं लिंबाचं लोणचं करून आणलं होतं, मी ते शेजारी देऊन टाकलं. जावई म्हणाले, "आई, जूनमध्ये शाळा सुरू होईन. आता लेकरं नेतो. तुम्ही लय केलं." तुम्ही लय केलं, म्हणे. भाडेकरूला सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर मी काय नाही केलं? ओळखीच्या वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, बाप धडधाकट आहे, पोरांवर जीव आहे त्याचा. कोर्टात काय सांगाल?" मी म्हटलं, "सांगीन, मी मरून जाईन." त्यानं चहा मागवला. घरी येऊन मी नातीला समोर बसवलं आणि पढवलं, बाबा आले की सांगजो, मले इथीच राहायचं. तिनं सांगितलंही, अगदी माझ्या शब्दांत. जावयांचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात नातू पळत गेला आणि त्यांच्या मांडीवर चढून बसला, दोन्ही हात गळ्यात टाकून. त्याला कोणी पढवलं नव्हतं. मी तिथंच हरले.

न्यायला गाडी आली त्या दिवशी मी दोघांच्या हातावर दही ठेवलं. नातू चाटत चाटत गाडीत जाऊन बसला. नात मात्र परत आत आली, दप्तर पाठीवर तसंच. मला खाली वाकवलं आणि कानाशी विचारलं, "आजी, आमी गेल्यावर झाडशीन काय?"

"नाही झाडत."

"फोन आल्यावर बी नको झाडू. आमी वापस आल्यावर झाडजो."

"नाही झाडत वो बाई," मी म्हटलं. मग ती गेली.

संध्याकाळी जावयांचा फोन आला, पोचलो म्हणून. हे म्हणाले, "चाल, झाड आता." मी म्हटलं, या घरात कोणी फडा लावला तर मी जेवायची नाही. तेव्हापासून घर तसंच. पेन्सिलीला टोक केल्याची सालं कपाटापाशी पडलेली, मुरमुऱ्यांना मुंग्या लागलेल्या, उंबऱ्यात नातवाच्या सँडलची वाळलेली माती. हे त्याला ओलांडून चालायला शिकले. शेजारीण आली, खाली पाहिलं, वर पाहिलं आणि चहा न घेता निघाली. जाऊ दे म्हटलं. मला वेड लागलं म्हणत असतील तर लागलं. रात्री पदर मोकळा पडून राहायचा आणि मला कुठल्याही कुशीवर झोप यायची नाही.

नातीचा फोन रोज यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "झाडलं काय?" मी म्हणायची, नाही. मग ती सुखानं बाकीचं बोलायची. शाळा मोठी आहे. भाऊ गादी ओली करून राहिला. भाऊ आता नाही करत. पुढे पुढे फोन एक दिवसाआड यायला लागला, मग सुट्टीच्या दिवशी. मी मोबाइल घेऊन दाराशी बसून राहायची. आपणहून लावायची नाही. मी लावला आणि ती खेळायला गेलेली असली तर, याचीच धास्ती होती.

परवा फोन आला. पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली, जेवण वाढलं म्हणून. बाईचा आवाज होता. नातीनं फोन तोंडाजवळच धरून उत्तर दिलं, "आली वो आई, थांब ना." माझ्या लेकीला ती मम्मी म्हणायची. आई तिनं कोणालाच म्हटलं नव्हतं आजवर.

ती म्हणाली, "आजी, झाडलं नाही ना अजून?"

"नाही."

"झाडून टाक वो आता. लय कचरा झाला असन. तुले खोकला होते ना धुळीनं." मग म्हणाली, "दिवाळीत येतो आमी," आणि जेवायला पळाली. फोन चालूच राहिला होता. ताटाचा आवाज आला, नातवाचं हसणं ऐकू आलं, मग कोणीतरी तो बंद केला.

मी उठले आणि फडा घेतला. हे खुर्चीतून म्हणाले, "काहून वो? काय झालं?"

"पोचले लेकरं," मी म्हटलं.

आतल्या खोलीपासून झाडत आणलं. मुरमुरे, चिंचोके, सालं. उंबऱ्यातल्या मातीवर मात्र फडा चालेना. मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. मग यांनी माझ्या हातातून फडा घेतला आणि उरलेलं झाडून काढलं.