मान वळवलेला पक्षी

डिसेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस कोसळला आणि उल्हास नदी चामटोलीकडच्या शेतांत शिरली. असं पाणी साचलं की पक्षी उतरतात. मी बायकोला म्हणालो, "चल, या रविवारी तूही चल."

आम्ही नदीकाठच्या मांजर्लीत राहतो. पावसाळ्यात तळमजल्यावर छातीइतकं पाणी तिने पाहिलंय. तिने एकच विचारलं, "पाणी खोल नाही ना?"

"घोट्यापर्यंत," मी म्हणालो.

निघण्याआधी मी तिला आम्हा पक्षी बघणाऱ्यांचे नियम सांगितले. माझ्या वीस पावलं मागे राहायचं, बोलायचं नाही, काही हवं असलं तर हात करायचा. तरी पहिला बगळा दिसताच ती "अहो, तो बघा!" म्हणाली आणि तो उडाला. मी फटकारलं, "तोंड बंद ठेवता येत नसेल तर घरी थांबायचं होतंस." त्यानंतर ती गप्प झाली.

पुढे वालाच्या शेतात एक म्हातारी काठी टेकत उभी होती. मला म्हणाली, "तिकरं नको जाव, दादा. भट्टीवाल्यांनी माती काढलीय, खड्डं हायेत." समोर सगळं पाणी एकसारखं सपाट दिसत होतं. विटांसाठी माती कुठे खणली आहे, ते कळायला मार्ग नव्हता. मी मान डोलावली. बायको मागे होती, तिला हे ऐकू गेलं नाही. मी मागे वळून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती परत फिरली असती, आणि तेवढ्यात लव्हाळ्यात तो दिसला होता: निळ्या गळ्याचा, चिमणीएवढा, हिवाळ्यातच येणारा. तीन वर्षं मी त्याच्या मागे होतो.

मी बांधावरून वळसा घालून पलीकडे गेलो. कॅमेरा लावला. आणि मागे न बघता तिला हाताने खुणावलं, ये.

ती सरळ पाण्यातून आली.

डुबुक असा आवाज झाला. मी स्वतःला म्हणालो, एखाद्या टिबुकली पक्ष्याने बुडी मारली. फोटो काढत राहिलो. पक्षी उडाला तेव्हाच मागे वळलो.

मागे ती कुठेच नव्हती. मग पाण्याच्या कडेला तिचं डोकं दिसलं. हनुवटीपर्यंत पाणी, एका मुठीत गवत, दुसरा हात वर. नियमाप्रमाणे वर केलेला. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे माझ्यावर.

मी ओरडलो. सगळं शेत फडफडून आभाळात गेलं. बांधावर आडवा पडून तिचं मनगट धरलं, पण चिखल तिला सोडेना. ती इंच इंच खाली जात होती आणि मला ते हाताला कळत होतं. म्हातारी धावत आली, तिने काठी बायकोच्या काखेखाली घातली. दोघांनी ओढून काढलं.

"सांगितलं व्हतं ना तुला?" म्हातारी माझ्यावर तुटून पडली. "का मारायला आनलंस हिला?"

बायकोने तोंडावरचा चिखल पुसला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सांगितलं होतं?"

मी वाकून कॅमेरा उचलला. रिक्षात तिने विचारलं, "आणि मी पडले तो आवाज?"

"नाही ऐकू आला," मी म्हणालो.

आठवडाभर ती आंघोळीची बादलीही अर्धीच भरायची. मग एका दुपारी कॅमेरा घेऊन माझ्यासमोर बसली. "बघू तरी, कशासाठी बुडत होते ते."

चार फोटो होते. पहिल्यात पक्षी समोर बघत होता. दुसऱ्यात त्याने मान झटकन वळवली होती, माझ्या खांद्यामागे.

"हा कुठे बघतोय?" तिने विचारलं.

अजूनही खोटं बोलता आलं असतं.

"तुझ्याकडे," मी म्हणालो. "आवाज झाला म्हणून. मलाही ऐकू आला होता."

बटण दाबून तिने आवाजानंतरचा तिसरा फोटो पाहिला, मग चौथा.